साइट बोंबलली की दोष कुणाचा? पक्षाचा, बाबूंचा की सर्व्हरचा?

उचगावचा_सेतूवाला

मंडळी, सध्या माझ्या केंद्रात दुसरं कामच नाही. उत्पन्नाचे दाखले, पॅन, वीजबिलं सगळं बाजूला आणि लाडकी बहीणची ई-केवायसी एके ई-केवायसी. १८ सप्टेंबर २०२५ ला जीआर निघाला, दोन महिन्यांची मुदत. म्हणजे १८ नोव्हेंबर आता आलाच.

काम कसं चालतं ते सांगतो. आधार टाकायचा, कॅप्चा टाकायचा, सहमतीवर टिक करून ओटीपी पाठवा दाबायचं. इथपर्यंत बरं असतंय. मग ते गोल फिरायला लागतं ते फिरतंयच. ओटीपी येतो तेव्हा पान गेलेलं असतं आणि पान जाग्यावर असतं तेव्हा ओटीपी येत नाही. बाईचा झाला की नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यांचा ओटीपी. नवरा शिरोलीत मशीनवर, मोबाईल त्याच्या खिशात. फोन लावला तर आवाजात ऐकूच जात नाही त्याला. तोवर ओटीपीची वेळ संपते. रात्री उशिरा जरा चालतंय म्हणून रात्री या म्हटलं, तर घरचे म्हणतात बायकांना रात्रीचं कुठं पाठवायचं.

परवा रांगेतच दोघांची जुंपली. एक म्हणतो हे सरकारच असलं, दुसरा म्हणतो तुमच्या वेळी तर साइटपण नव्हती. मी खुर्चीवर बसून दोघांच्या मधे. तारीख मंत्री ठरवणार, साइट मुंबईत बसून कोणतरी बनवणार आणि शिव्या मी खाणार.

माझं मत असं की यात पक्षाचा काही संबंध नाही, सगळ्यांच्या काळात हेच बघितलंय. पण लोक मात्र आपलं सरकार असलं की सर्व्हरला शिव्या घालतात आणि दुसऱ्याचं असलं की सरकारला. तुम्हाला काय वाटतं?

दुसरं, कामाचं. एका बाईचा नवराही वारलाय आणि वडीलही. तिनं दुसरा आधार कुणाचा टाकायचा? कुणाला माहीत असेल तर सांगा.

बिंदूचौक

पक्षाचा संबंध नाही कसा? २८ जून २०२४ ला योजना जाहीर केली, पुढं विधानसभा होती. तेव्हा फॉर्म कसे घेतले आठवतंय का? नारीशक्ती दूत ॲप चालेना तर कागदावर घ्या, कागद नसेल तर हमीपत्रावर घ्या, पण घ्या. छाननी नाही, काही नाही. ऑगस्टमध्ये पैसे खात्यावर. नोव्हेंबरात आपल्याच तपोवन मैदानावर महिन्याच्या पंधराशेचे २१०० करतो म्हणून सांगून गेले. मतदान झालं आणि वर्षाच्या आत केवायसी आली. घेताना साइट ढिली आणि काढताना कडक. हा सर्व्हरचा दोष आहे होय?

प्रचारात तर पंधराशे घेणाऱ्या बायका काँग्रेसच्या सभेत दिसल्या तर फोटो काढा, असं इथल्याच खासदारांनी भाषणात सांगितलं होतं. नंतर माफी मागितली म्हणा. पण योजना कुणाच्या खिशातून आहे असं त्यांना वाटत होतं ते कळलं.

कमळतळं

आलास बघ. छाननी केली नाही तर बोगस, केली तर बहिणींचा छळ. दोन्हीकडनं वाजवायचं. जुलैमध्ये मंत्र्यांनीच सांगितलं ना, २६ लाखांवर लाभार्थी निकषात बसत नव्हते, त्यात काही पुरुषसुद्धा होते. पुरुष! लाडक्या बहिणीच्या यादीत! मग केवायसी नको करू होय? दोन कोटींच्या वर बायकांची पडताळणी दुसरी कशी करणार, घरोघर तलाठी पाठवून?

आणि साइट सगळ्याच बोंबलतात असं नाही. कोरोना लसीच्या नोंदणीचं कोविन इथंच झालं.

पंचगंगेचा_पूर

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

पॅरा_कसबा_बावडा

@कमळतळं, कोविन झालं, पण १८ वर्षांवरच्यांची नोंदणी उघडली त्या संध्याकाळी झालं होतं का? २८ एप्रिल २०२१, चार वाजता. मी फोन धरून बसलो होतो. आणि नंतर शहरातली पोरं गाड्या घेऊन खेड्यातल्या आरोग्य केंद्रात स्लॉट मारून यायची. गावातली माणसं दारात उभी, कारण त्यांना ॲप माहीत नाही. साइट चालली एवढं खरं, कुणासाठी चालली ते विचार.

झेरॉक्सवाली

सेतूवाले दादा, ओटीपीचं सगळे बोलतात. मला भीती त्या शेवटच्या पानाची वाटते. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, बायका इथंच येऊन भरतात.

ओटीपी झाल्यावर विचारतंय, माझ्या कुटुंबातील सदस्य सरकारी विभागात कायम कर्मचारी म्हणून कार्यरत नाहीत किंवा निवृत्तिवेतन घेत नाहीत. पुढं होय आणि नाही. आता सांगा, घरात कुणी नोकरीला नसलं तर काय दाबायचं? होय दाबायचं. पण बाई वाचते नोकरीला... आणि लगेच म्हणते, नाही ओ, आमच्यात कुठं नोकरी, नाही दाबा. नाही दाबलं की घरात सरकारी नोकर आहे असा अर्थ. भांडी घासून पोरं शिकवणारी बाई एका बोटानं क्लास वन ऑफिसरची बायको झाली. मी प्रत्येकीला थांबवून दोनदा वाचून दाखवते. पण जिच्या घरी पोरगं मोबाईलवर भरतंय तिचं काय?

हे कुठल्या पक्षानं लिहिलं ते मला माहीत नाही. ज्यानं लिहिलं त्यानं आपल्या आईला एकदा भरायला लावायचं होतं.

रंकाळावेस

+१ झेरॉक्सवाली. सगळ्या धाग्यातला पहिला कामाचा प्रतिसाद.

निवृत्त_गटसचिव

या धाग्यावर मला लिहायलाच पाहिजे. करवीर तालुक्यात गावोगावच्या, शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायट्यांवर गटसचिव म्हणून आयुष्य गेलं. २०१७ ची कर्जमाफी मी टेबलाच्या आतल्या बाजूनं बघितली आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

२४ जून २०१७ ला फडणवीस सरकारनं घोषणा केली. ३४ हजार कोटी, ८९ लाख शेतकरी, दीड लाखापर्यंत माफ. महिनाभरात ऑनलाइन अर्ज सुरू. नवरा-बायको दोघांनी केंद्रावर यायचं, दोघांचा आधार, दोघांचा अंगठा. भांगलण करून करून बोटाच्या रेषा गेलेल्या, मशीन अंगठा घेत नाही. बाई पदराला बोट पुसते, परत ठेवते. मशीन परत लाल. १५ सप्टेंबरची मुदत, मग २२.

हे बाहेरचं. आत आमच्याकडं प्रत्येक खातेदाराचा ६६ रकान्यांचा तक्ता भरायचा होता. सोसायटीचं दप्तर मराठीत, हातानं लिहिलेलं. बँकेचं इंग्रजीत. आधारवर नाव वेगळं. दप्तरात दत्तू, आधारवर दत्तात्रय, सातबारावर दत्ताजी. मशीनच्या हिशेबानं तीन माणसं. आम्हाला माहीत एकच आहे, दारातून हाक मारली तर ओ देईल. पण आम्हाला कुणी विचारलं नाही.

आणि हे सगळं दिवाळीच्या आधी. का? तर दिवाळीला प्रमाणपत्रं द्यायची होती. १८ ऑक्टोबरला मंत्र्यांच्या हस्ते शेतकरी जोडप्यांना साडी-धोतर देऊन प्रमाणपत्रं दिली, फोटो निघाले. यादी साइटवर चढली आणि चुका निघाल्या म्हणून उतरवली. पैसे ज्याच्या त्याच्या खात्यावर यायला पुढचं वर्ष उजाडलं. आयटी खात्याचे प्रधान सचिव त्याच वर्षी बदलले. मांडव घालायच्या आधी पत्रिका वाटल्या की असंच होतं.

आता बिंदूचौक खूश झाला असेल. थांब. मी २००८ पण बघितलंय. केंद्रात यूपीए, राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी. तेव्हा ऑनलाइन काही नव्हतं, तरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या ११२ कोटींच्या कर्जमाफीला नाबार्डनं नंतर अपात्र ठरवलं. मंजूर मर्यादेपेक्षा जास्त कर्ज उचललं म्हणून. जमा झालेले पैसे उलटे वसूल. प्रकरण हायकोर्टात गेलं. त्याच्यामागं जिल्ह्यातलं कुठलं राजकारण होतं ते कोल्हापूरकरांना मी सांगायची गरज नाही. तेव्हा सर्व्हर नव्हता, मग दोष कुणावर टाकायचा?

बिंदूचौक

गटसचिव काका, मानलं. पण महाविकास आघाडीची कर्जमुक्ती पण सांगा की. ती का सोडली?

निवृत्त_गटसचिव

सांगतो की. २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झाली, दोन लाखांपर्यंत. त्यात अर्जच नव्हता. बँकेनं याद्या दिल्या, यादीत नाव आणि विशिष्ट क्रमांक आला की केंद्रावर जाऊन फक्त आधार प्रमाणीकरण करायचं. आणि एक शहाणपण केलं होतं. २४ फेब्रुवारी २०२० ची पहिली यादी सगळ्या राज्याची नव्हती. प्रत्येक जिल्ह्यातली दोन-दोन गावं, एकूण ६८. तिथं काय अडतंय ते बघितलं आणि मग बाकीच्या याद्या सोडल्या. आमचं काम निम्म्यानं कमी झालं.

पण ते शहाणपण कुठून आलं? २०१७ ला फसले त्यातूनच. तीच बँकेची माणसं, तेच सहकार खातं. आधी ठेच लागली म्हणून पुढचे नीट चालले. श्रेय एकट्या सरकारला देऊ नको.

आणि वेळेवर कर्ज फेडणाऱ्यांना ५० हजार देतो म्हणाले, आपला जिल्हा तर त्यातच जास्त, ते पैसे हातात पडले २०२२ च्या दिवाळीत. तोपर्यंत सरकार बदललं होतं. घोषणा एकाची, फोटो दुसऱ्याचा.

रंकाळावेस

२०१७ चा विषय निघाला आणि आमच्या राधानगरीचा किस्सा कुणी सांगत नाही म्हणजे काय! आमदार प्रकाश आबिटकर. तेव्हा शिवसेनेचे, म्हणजे सरकारातलेच. नागपूर अधिवेशनात उभे राहून त्यांनी सांगितलं की माझंच नाव कर्जमाफीच्या यादीत आलंय आणि खात्यावर २५ हजार जमा झालेत. आमदार त्या योजनेत बसतच नव्हते. नियमित फेडणाऱ्याला जास्तीत जास्त २५ हजार होते, म्हणजे यंत्रणेनं त्यांना पुरती रक्कम दिली, काटछाट नाही!

गावातला माणूस अंगठा देऊन देऊन दमला आणि आमदाराच्या खात्यावर न मागता पैसे. आता तेच आरोग्यमंत्री आणि आपले पालकमंत्री आहेत.

पंचगंगेचा_पूर

नाद खुळा. सर्व्हरनं आपला माणूस ओळखला.

कमळतळं

किस्सा भारी आहे, पण त्यांनी तो सभागृहात स्वतः सांगितला हे पण लिही. लपवला नाही.

आता आघाडीवाल्यांची ई-पीक पाहणी काढू का? १५ ऑगस्ट २०२१. महसूल खातं काँग्रेसकडं. शेतकऱ्यानं स्वतः बांधावर जाऊन पिकाचा फोटो काढून ॲपवर टाकायचा. तेव्हा सर्व्हर डाउन होता तेव्हा बिंदूचौक कुठल्या चौकात होता?

गगनबावडेकर

ई-पीक पाहणी म्हटल्यावर आलो. आमच्याकडं त्या ॲपची मजा काय होती ते शहरातल्या लोकांना कळणार नाही.

ॲपला तुम्ही शेतात उभे पाहिजे. लोकेशन घेतं. आमच्या शेतात उभं राहिलं की रेंज नाही. रेंज पाहिजे तर टेकावर चढायला पाहिजे, टेकावर चढलं की ॲप म्हणतं तुम्ही शेतापासून लांब आहात. आणि जुलै-ऑगस्टचा पाऊस आमचा, कोल्हापुरात बसून विचारता तो नव्हे. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, इरलं डोक्यावर, भाताचा फोटो काढायचा. वडील म्हणाले, तलाठी दहा वर्षांत शेतात आला नाही म्हणून सरकारनं आता मला तलाठी केलंय, पगार कधी?

पुढं नेट नसताना फोटो साठवून नंतर पाठवायची सोय झाली, तेव्हा बरं पडलं. ती सोय पहिल्या दिवसापासून पाहिजे होती. डोंगर काय ॲप आल्यावर उगवले नाहीत.

बिंदूचौक

@कमळतळं, ई-पीक पाहणी बोंबलली होती, मान्य. पण ते ॲप तुम्ही आल्यावर बंद केलं का? चालूच आहे. म्हणजे कल्पना बरोबर होती.

कमळतळं

वा! तुमचं बोंबललं तर कल्पना बरोबर, आमचं बोंबललं तर नियत खराब.

उचगावचा_सेतूवाला

हेच. हेच मी वर लिहिलं होतं :)

फौंड्रीवाला

व्यापाऱ्याचं पण ऐका. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. आमचा छोटा कास्टिंगचा धंदा. महिन्याच्या २० तारखेला रिटर्न आणि २० तारखेलाच पोर्टल आडवं. आमच्या लक्ष्मीपुरीतल्या अकौंटंटचा चेहरा त्या दिवशी बघवत नव्हता. मुदतवाढ व्हायची, पण रात्री उशिरा. तोवर बिचारा जागा.

मग २०२१ चं इन्कम टॅक्स पोर्टल. ७ जूनला नवीन साइट सुरू, जुनी चांगली चालणारी बंद. काम इन्फोसिसकडं, ४,२४२ कोटींचा प्रकल्प. अडीच महिने झाले तरी नीट होईना म्हणून अर्थ मंत्रालयानं कंपनीच्या सीईओंना बोलावून घेतलं. हे पण ठीक. पण पुढची गंमत राजकारणाची. संघाच्या विचारांच्या पांचजन्य साप्ताहिकानं मुखपृष्ठावर घेतलं आणि कंपनीवर देशविरोधी शक्तींचा संशय घेतला. मग संघाला सांगावं लागलं की ते मत आमचं नाही. साइट चालेना म्हणून कंपनी देशद्रोही! आमच्या फौंड्रीत कास्टिंगला ब्लोहोल पडलं तर आम्ही वाळू बघतो, मोल्डरचा पक्ष बघत नाही.

जर्सीकर

मूळचा राजारामपुरीचा, बरीच वर्षं न्यू जर्सीत. हा धागा वाचून २०१३ आठवलं. तुम्ही जे भांडताय तेच भांडण इथं जगातल्या सगळ्यात श्रीमंत सरकारनं केलंय.

ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा मार्च २०१० चा. रिपब्लिकन पक्षाचं एकही मत त्याला मिळालं नव्हतं, आणि नंतर तो रद्द करायला त्यांनी चाळीसच्या वर वेळा मतदान घेतलं. विमा विकत घ्यायची सरकारी साइट हेल्थकेअर डॉट गव्ह १ ऑक्टोबर २०१३ ला उघडली. त्याच दिवशी त्याच कायद्यावरून अडून बसल्यामुळे केंद्र सरकारचं कामकाज बंद पडलं, ते १६ दिवस. आणि साइटवर पहिल्या दिवशी किती जणांचा विमा पूर्ण झाला? सहा. लाखांत नाही, सहा माणसं.

कारणं नंतर बाहेर आली. पन्नासच्या वर कंत्राटदार आणि सगळ्यांवर मिळून लक्ष ठेवणारा एक माणूस नाही. सगळे भाग एकत्र जोडून चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांत. नुसते दर बघायचे तरी आधी खातं उघडायला लावलं, त्यामुळे सगळी गर्दी त्या एकाच दारात अडकली. आणि राजकारण दोन्ही बाजूंचं. ३६ राज्यांचं ओझं केंद्राच्या साइटवर पडलं, त्यातल्या बऱ्याच राज्यांनी आपली साइट काढायला राजकीय हट्टानंच नकार दिला होता. आणि ओबामांच्या लोकांनी २०१२ च्या निवडणुकीआधी वाद नको म्हणून महत्त्वाचे नियम लांबवले, असं वॉशिंग्टन पोस्टनं तेव्हा छापलं. नियम उशिरा, म्हणजे प्रोग्रॅम उशिरा.

पक्षावर असतं तर सगळ्या डेमोक्रॅट राज्यांच्या साइट चालायला पाहिजे होत्या. केंटकीची स्वतःची साइट पहिल्या दिवसापासून चांगली चालली. ओरेगन तर ओबामांच्या पक्षाचं राज्य, त्यांची इतकी फसली की शेवटी सोडून केंद्राच्या साइटवर गेले.

पंचगंगेचा_पूर

सहा माणसं! त्यापेक्षा आमचा सेतूवाला चहा पिता पिता जास्त करतो.

झेरॉक्सवाली

जर्सीकर, तिकडं सेतू असतो का ओ? म्हाताऱ्या माणसांनी कुठं जायचं?

जर्सीकर

असतो की. नॅव्हिगेटर म्हणतात. सरकारच्या पैशातून नेमलेले, फुकट फॉर्म भरून देतात. साइट बंद असताना कागदी फॉर्म आणि फोनवरून पण कामं झाली. पुढं सिलिकॉन व्हॅलीतून माणसं आणून दोन महिन्यांत साइट बरीच सुधारली आणि वसंत ऋतूपर्यंत ८० लाख लोकांनी नोंदणी केली. आरोग्यमंत्री बाईंनी मात्र एप्रिलमध्ये राजीनामा दिला.

बिंदूचौक

राजीनामा! हा शब्द मराठीत अजून आहे का?

कमळतळं

आयटी राज्यमंत्रिपद कोल्हापुरातच होतं आघाडीच्या काळात. तेव्हा मागायचा होतास.

संपादक

मंडळी, व्यक्तीवर जाऊ नका. चर्चा चांगली चालली आहे, तशीच चालू द्या.

हिंजवडीतला_कोल्हापूरकर

एका सरकारी प्रकल्पावर पोटकंत्राटदाराकडं काम केलंय, नाव सांगत नाही. थोडं आतलं सांगतो.

सेतूवाले, तुमचा ओटीपी राज्याच्या साइटवरून येतच नाही. साइट फक्त मागणी पाठवते, ओटीपी आधारवाले पाठवतात, मग मोबाईल कंपनी पोचवते. या साखळीत कुठंही अडलं तरी तुमच्या पडद्यावर एकच गोल फिरतो. लोकांना ते सगळं एकच सरकार वाटतं, आणि त्यांचं चूक नाही. काय अडलंय हे एका ओळीत सांगायला हवं, तेवढं तरी साइट करू शकते. आम्ही सुचवलं होतं, ते पुढच्या टप्प्यावर गेलं. पुढचा टप्पा आला नाही.

दुसरं, काम मिळतं सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला. तारीख आधी जाहीर होते आणि नियम नंतर. प्रोग्रॅम निम्मा झाल्यावर शुद्धिपत्रक येतं की अमुक अट बदलली. झेरॉक्सवालींचा तो नाहीत-वाला प्रश्न कसा झाला असेल हे मी डोळे मिटून सांगतो. जीआरमधली अपात्रतेची अट कुणीतरी उचलून तशीच चिकटवली आणि खाली होय-नाहीची बटणं लावली. तपासणाऱ्या साहेबानं भाषा जीआरशी जुळते का एवढंच बघितलं, आणि ती जुळत होती.

त्यामुळे पक्षाचा संबंध आहे की नाही याला माझं उत्तर, आहे, पण तुम्ही भांडताय तिथं नाही. कुणाचं सरकार यावर साइट चालत नाही. तारीख कुणी आणि कशासाठी ठरवली यावर चालते. दिवाळी, रक्षाबंधन, आचारसंहितेच्या आदला दिवस. यातली एकही तारीख कुठल्या प्रोग्रॅमरनं दिलेली नसते.

निवृत्त_गटसचिव

अगदी बरोबर. आणि आत्ताच्या सरकारात तर महिला व बालविकास एका पक्षाकडं, आयटी दुसऱ्याकडं आणि लाडका भाऊ म्हणवणारे शिंदे तिसऱ्या पक्षाचे. श्रेय तिघांचं, सर्व्हर कुणाचाच नाही.

कमळतळं

काका, हे मात्र लागलं. पण हिंजवडीकर, तारीख नसली तर सरकारी काम होतच नाही हे पण तुला माहीत असेल. तारीख दिल्याशिवाय फाइल हलत नाही. तारीख चुकीची असेल, पण तारीख नकोच हे मला पटत नाही.

हिंजवडीतला_कोल्हापूरकर

तारीख द्या की. आधी दोन गावांची द्या, काकांनी सांगितलं तसं. राज्याची नंतर.

उचगावचा_सेतूवाला

मुदत वाढली मंडळी, ३१ डिसेंबर! आज रांगेत जरा हसून बोलले लोक. बाकी माझा दुसरा प्रश्न सगळे विसरले. नवरा आणि वडील दोघं वारलेल्या बाईचं काय?

बिंदूचौक

मुदत का वाढली? नगरपालिकेच्या निवडणुका लागल्यात म्हणून.

कमळतळं

मराठवाड्यात पूर आला, लोकांची कागदं वाहून गेली म्हणून. प्रत्येक गोष्टीत निवडणूक बघू नको.

रंकाळावेस

निवडणुकीचं बोलू नका. कागलात मुश्रीफ आणि समरजित घाटगे एकत्र आले. वर्षापूर्वी एकमेकांविरुद्ध विधानसभा लढले, त्यासाठी आमच्या भावकीत दोन घरं बोलायची बंद झाली होती. ती अजून बोलत नाहीत.

पंचगंगेचा_पूर

त्यांना केवायसी लागली नाही. ओटीपीशिवाय जोडले गेले.

अंगणवाडीताई_मुरगूड

सेतूवाले दादा, तुमच्या त्या बाईंचं सांगते. मी अंगणवाडी सेविका. आता त्याची सोय आली आहे. बाईंनी स्वतःच्या आधारावर स्वतःची ई-केवायसी करायची. नवऱ्याचा, वडिलांचा मृत्यूदाखला असेल त्याची सत्यप्रत त्यांच्या भागातल्या अंगणवाडी सेविकेकडं द्यायची. घटस्फोट असेल तर त्याचा आदेश. मुदत तीच, ३१ डिसेंबर २०२५. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव आधी जुळवून बघा, नाहीतर परत दत्तू-दत्तात्रय होईल.

आणि एक, पहिले फॉर्म पण आम्हीच भरले होते, फॉर्ममागं पन्नास रुपये देतो म्हणून. त्या पन्नास रुपयांबद्दल धाग्यावर कुणीच बोललं नाही. बिंदूचौक पण नाही आणि कमळतळं पण नाही.

उचगावचा_सेतूवाला

ताई, लई उपकार. उद्याच त्यांना बोलावतो. दाखला ग्रामपंचायतीचा चालेल ना?

अंगणवाडीताई_मुरगूड

मृत्यू जिथं नोंदलाय तिथला. ग्रामपंचायत असो नाहीतर महापालिका.

झेरॉक्सवाली

चुकलेल्यांना दुरुस्तीची एक संधी देणार म्हणून कळलंय. एकच. ज्यांनी नाही दाबलंय त्यांना सांगा, घाई करू नका, कुणाला तरी शेजारी बसवून वाचून घ्या.

आणि दादा, तुमच्याकडं पण येतील म्हणून सांगून ठेवते. काल संध्याकाळी दोन पार्ट्यांची पोरं दुकानात येऊन गेली, अर्ध्या तासाच्या अंतरानं. दोघांना एकच पाहिजे होतं, वॉर्डातल्या कुठल्या बायकांची केवायसी झाली आणि कुणाची राहिली त्याची यादी, नंबरसकट. आम्ही करून देतो म्हणाले. मी म्हटलं करून द्यायची असेल तर तुमच्या खुर्च्या घेऊन इथं रस्त्यावर बसा, यादी मिळणार नाही.

कमळतळं

आमच्यातला कोण होता? वॉर्ड सांग, मी बोलतो त्याच्याशी.

झेरॉक्सवाली

वॉर्ड पण सांगणार नाही.